कुलवृत्तांत

एका आडनावाच्या, बहुधा एका गोत्राच्या आणि एका कुलदैवताच्या घराण्याची वंशावळ व हकीकत एकत्र करून छापलेला ग्रंथ. मूळ पुरुष, मूळ गाव, शाखा, कुलाचार आणि प्रत्येक घराची चार-दोन ओळींची नोंद असा त्याचा ठरीव साचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही प्रथा मराठीत चांगली रुजली. सुरुवातीला ती मुख्यतः ब्राह्मण घराण्यांत होती, पुढे इतर समाजांतही पसरली. काम बहुधा घराण्यातला एखादा सेवानिवृत्त गृहस्थ अंगावर घेतो, छापील फॉर्म सगळ्या भाऊबंदांना धाडतो आणि मग न आलेल्या फॉर्मांच्या मागे वर्षानुवर्षे फिरतो.

ज्या जुन्या कागदांवर कुलवृत्तांत उभा राहतो, ते पूर्वजांची आठवण राहावी म्हणून क्वचितच लिहिले गेले. ते वतनापायी, म्हणजे वंशपरंपरागत हक्कापायी लिहिले गेले. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांवरून तंटा लागला की दोन्ही पक्ष आपापला ‘करीना’ लिहून देत. वतन मूळ कोणाला मिळाले, त्याला लेक किती, थोरला कोण, कोणाचा वंश खुंटला, हे सारे त्यात येई. गोतसभेने, म्हणजे गावच्या व भाऊबंदांच्या सभेने निवाडा केला की महजर, म्हणजे निवाडपत्र होई. त्यावर कुणबी नांगराची, सुतार वाकसाची, चांभार रापीची निशाणी करी. त्यामुळे भांडखोर घराण्यांची वंशावळ बरीच मागेपर्यंत लागते, आणि गुण्यागोविंदाने नांदलेल्यांची दोन-तीन पिढ्यांत आटोपते. इंग्रजी अमलात इनाम कमिशनपुढे (१८५२ चा अकरावा कायदा) इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला, तेव्हा अशाच वंशावळी पुन्हा दप्तरात शिरल्या. पुण्याचे पेशवे दप्तर आणि वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही या शोधाची नेहमीची ठिकाणे होत.

कागद सापडला तरी तो वाचता यावा लागतो. जुने दप्तर मोडी लिपीत आहे. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तारखेची वेगळीच कसरत. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण मिळतो, पण मराठी राज्यातले बरेच कागद सुहूर सनाचे असतात. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस बदलतो आणि अरबी संख्याशब्दांत उलटा, म्हणजे एकं आधी, लिहिला जातो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते. मृग ते मृग धरून १७६०-६१, पानिपताचे साल.

पानिपताचा उल्लेख मुद्दाम केला. ‘आमचा एक पूर्वज पानिपतावर पडला’ ही कथा इतक्या घरांत सांगतात, की संपादकाने तिच्याकडे जरा सावधपणे पाहिलेले बरे. मूळ पुरुष नेहमी शूर किंवा विद्वानच का असतो, कर्जबाजारी होऊन गाव सोडलेला का नसतो, असे विचारणारे संपादक थोडे. तरी या कथा टाकून देण्याजोग्या नाहीत. घराण्यातला अमुक पदार्थ वर्ज्य का, अमुक देवाला दरवर्षी नारळ का, याचे उत्तर दप्तरात क्वचितच मिळते. ते आजीकडे असते.

दप्तराबाहेरचे वंशावळ राखणारेही आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्याय गावावार व आडनाववार वह्या ठेवतात. यात्रेकरू त्यात बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून सही करतो, आणि पुढच्या पिढीतला कोणी आला की तेच पान त्याच्यापुढे उघडले जाते. दक्षिण महाराष्ट्रात व बेळगावकडे हेळवी या भटक्या जमातीचे लोक सुगीनंतर बैलावरून दारी येतात, घराण्याची नावे म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. तंजावरला तर सरफोजी राजे (दुसरे) यांनी भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला.

जुन्या कुलवृत्तांतांतली ठळक उणीव बायकांची. मुलींची शाखा लग्नापाशी थांबते; पुष्कळदा ‘कन्या २’ एवढ्यावरच भागते. काही समाजांत लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहीत, त्यामुळे सासरच्या नोंदीत माहेरचे नावही उरत नाही. श्राद्धाच्या संकल्पात मात्र माता, पितामही, प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात. म्हणून पितृपक्षात काढायची, देवघरातल्या पोथीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी कधीकधी छापील ग्रंथापेक्षा जास्त सांगते. अलीकडच्या आवृत्त्यांत लेकींच्या शाखाही देऊ लागले आहेत.

गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे देवस्थाने हलली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्यामुळे पांगलेल्या सारस्वत घराण्यांचा माग गावापेक्षा कुलदैवतावरून लवकर लागतो. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा-नोंदवही असते.

शिक्षण-नोकरीतील आरक्षणासाठी जातपडताळणी सुरू झाल्यापासून वंशावळ ही हौसेची बाब राहिली नाही. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात किंवा तहसिलातल्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) शोधतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘परागंदा’ एवढाच शेरा असतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांपैकी कित्येक जण मागे राहिलेल्यांच्या लेखी असेच नाहीसे झाले. तिकडे मात्र प्रत्येकाला क्रमांक होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्या रजिस्टरांत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव आणि अंगावरची खूण लिहिलेली आहे.