फिगर ड्रॉइंगसाठी ॲनाटॉमीची पुस्तकं

माणसाचं शरीर काढायला शिकणाऱ्यांसाठी हाडं, सांधे आणि स्नायू समजावणारी जी पुस्तकं असतात त्यांना आर्टिस्टिक ॲनाटॉमीची पुस्तकं म्हणतात. मेडिकलच्या पुस्तकांपेक्षा ती वेगळी असतात आणि निवडताना हा फरक सगळ्यात आधी बघावा लागतो. डॉक्टरला नसा, रक्तवाहिन्या, आतले अवयव सगळंच लागतं, चित्रकाराला मात्र आत काय असल्यामुळे बाहेरून काय दिसतं तेवढं हवं असतं, म्हणजे हाड कुठे कातडीच्या लगेच खाली आहे, स्नायू कुठून निघून कुठे चिकटतो, चरबी कुठे साठते, हात वर केला की खांद्याचं पातं कुठे सरकतं, वगैरे.

ॲनाटॉमी म्हटलं की बरेच जण थेट ‘ग्रेज ॲनाटॉमी’ घेतात. १८५८ साली लंडनमध्ये आलेलं हे पुस्तक हेन्री ग्रे यांचं, पण चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर यांची, आणि हे कार्टर त्याच सुमारास मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायला लागले, ही गोष्ट आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत असते. त्यांनी भागांची नावं थेट चित्रातल्या भागांवरच लिहिली त्यामुळे विद्यार्थ्यांचं काम खूप सोपं झालं. चित्रं अप्रतिम आहेत यात वादच नाही, पण ती शवविच्छेदनाची आहेत, त्यात उभं राहिलेलं, वळलेलं, वजन एका पायावर टाकलेलं शरीर सापडत नाही. शिकायला सुरुवात करणाऱ्याने हे पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नये.

पुस्तक चांगलं आहे की नाही हे बघायचं असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचं पान उघडावं. तळवा वर असताना तिथली दोन हाडं एकमेकांना समांतर असतात, तळवा खाली केला की अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं आणि त्याच्याबरोबर स्नायूही पिळले जातात, म्हणून हाताचा आकार पूर्ण बदलतो. बऱ्याच पुस्तकांत फक्त तळवा पुढे केलेला हात असतो आणि मग मुलं तोच एक हात सगळ्या पोजमध्ये बसवत राहतात. दोन्ही अवस्था, बाजूने बघितलेला हात आणि जमलं तर मधे कापून दाखवलेला क्रॉस सेक्शन, एवढं असेल तर लेखकाने चित्रकाराचा विचार केलाय असं समजायला हरकत नाही. तसंच घोट्याचं, आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो हे चित्रात नीट दिसलं पाहिजे.

या कसोटीवर पॉल रिशे यांचं १८९० चं फ्रेंच पुस्तक अजूनही टिकून आहे. रिशे स्वतः डॉक्टर आणि शिल्पकार दोन्ही होते, त्यामुळे आधी हाडं, मग स्नायू, मग बाहेरून दिसणारं जिवंत शरीर असं टप्प्याटप्प्याने ते नेतात. इंग्रजी भाषांतर रॉबर्ट बेव्हरली हेल यांनी १९७१ मध्ये केलं. एकेक स्नायू वेगळा काढून बघायचा असेल तर एलियट गोल्डफिंगर यांचं १९९१ चं पुस्तक, त्यात क्रॉस सेक्शन भरपूर आहेत, पण ते सलग वाचायचं पुस्तक नाही, अडलं की उघडायचं.

जॉर्ज ब्रिजमन यांचा मार्ग वेगळा. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये ते शिकवायचे आणि १९२० च्या ‘कन्स्ट्रक्टिव्ह ॲनाटॉमी’त त्यांनी छातीचा पिंजरा, कंबर, डोकं यांचे ठोकळे करून ते एकमेकांविरुद्ध कसे कलतात ते दाखवलंय. रेषा इतक्या राकट आहेत की हाडं अजिबात माहीत नसलेल्याला काहीच कळत नाही. म्हणून आधी रिशेसारखं एक नीट पुस्तक आणि मग ब्रिजमन, हा क्रम मला योग्य वाटतो, आणि सुरुवातीला दोनच पुस्तकं पुरेत. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस यांची पुस्तकं शरीराच्या प्रमाणासाठी छान आहेत, फक्त त्यांचा आदर्श पुरुष आठ डोकी उंच असतो, म्हणजे उंची डोक्याच्या आठपट, आणि रिशे साडेसात धरतात, खऱ्या माणसांच्या जवळ जाणारं माप रिशेंचं.

जुन्या पुस्तकांची एक मोठी उणीव आहे. त्यातलं शरीर बहुतेक वेळा तरुण, पिळदार, युरोपियन पुरुषाचं असतं. बायका कमी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्याहून कमी. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात मुलं बाजार, बसस्टॉप काढतात, तिथे नऊवारीतली आजी असते, डोक्यावर ओझं घेतलेला हमाल असतो, तो देह या पानांवर मिळणार नाही. त्यासाठी स्टेशनवर बसून केलेलं स्केचिंगच लागतं, पुस्तक फक्त त्या पोटरीचा फुगवटा आतल्या बाजूला खाली आणि बाहेरच्या बाजूला वर का, हे सांगेल.

विकत घेताना छपाई बघावी. स्वस्त कॉपीत बारीक शेडिंग काळं पडतं आणि नेमकी स्नायूंची कडच दिसत नाही. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं का तेही बघावं कारण बाजूला ठेवूनच काढायचं असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे रिशे (मृत्यू १९३३), ब्रिजमन (१९४३) आणि लूमिस (१९५९) यांची मूळ पुस्तकं इथे मुक्त झालेली आहेत, हेल यांचं भाषांतर मात्र अजून नाही.