पाणंद पावसाळ्यात का बुडते?

काळ्या रानातल्या पाणंदीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर, जुलैत मोटारसायकल घातली की शंभर पावलांत चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. उतरायचं, काडीने चिखल उकरायचा, पुन्हा ढकलायचं. म्हणून मराठवाड्यात कितीतरी शेतकरी गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावतात आणि खताचं पोतं डोक्यावर घेऊन रान गाठतात. विदर्भात हिलाच पांदण म्हणतात, हाल तेच. उन्हाळ्यात त्याच वाटेवर घोटाभर फुफाटा असतो आणि पावसाळ्यात उमटलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळलेल्या असतात.

याचं मूळ मातीतच आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव पिढ्यान्‌पिढ्या एकाच रेषेत ही माती कापत गेली. दोन्हीकडच्या शेतांना बांध पडले, वाट मात्र खोल जात राहिली. त्यामुळे शिवारातलं पाणी उतरायला सगळ्यात सोपी जागा पाणंदच झाली. त्यात बांध कोरत दोन्हीकडून नांगर आत सरकला. अडवलेल्या वाटेसाठी दाद मागायची सोय १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यात आहे, आणि बांधावरून नवी वाट मागायची सोय १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये. पण तहसीलदाराच्या आदेशाने वाट मिळते, तिच्यावरचं पाणी हटत नाही.

ग्रामीण रस्त्यांवर सरकारचा मोठा पैसा आला तो दुष्काळामुळे. १८७६-७७ च्या दुष्काळातही लोकांना खडी फोडायला बसवलं होतं. १९७२ च्या दुष्काळात तेच मोठ्या प्रमाणावर झालं. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माझी आजी त्यातली एक. बोटांना फडकं गुंडाळून खडी फोडायची, ढीग ब्रासवर मोजला जायचा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि पोरांच्या वाट्याला सुकडी (दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) यायची.

त्यातूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना रुजली. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये तिच्यासाठीच सुरू झाला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. या योजनेने माणसं जगवली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिचा एक नियम पाणंदीला बाधला. किमान ६० टक्के खर्च मजुरीवर आणि साहित्यावर फार तर ४० टक्के. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही हेच प्रमाण आलं. मजुरीत माती-मुरूम बसतो. वाटेखालून पाणी काढणाऱ्या मोरीचे पाईप, सिमेंट, रोलर मात्र साहित्यात जातात. मग उन्हाळ्यात मुरूम पसरायचा, मोरी राहून जायची आणि पहिल्या मोठ्या पावसात मुरूम ओढ्याला लागायचा. दुष्काळात हाताला काम देणं हा हेतू होता, पावसाळ्यात गाडी जावी हा नव्हता.

२५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या वाड्या बारमाही रस्त्याने जोडायचं ठरवलं. गावं जोडली गेली, शेतं राहिली. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीला इतर निधीची जोड द्यायचं ठरलं ते मजुरी-साहित्याच्या याच कोंडीमुळे.

ही कोंडी सगळ्यात जास्त जाचते ऑक्टोबरात. सोयाबीन कापून पडलेलं असतं, परतीचा पाऊस येतो, मळणी यंत्र रानात पोचत नाही आणि ढिगाखालच्या शेंगांना कोंब फुटतात. आमच्या पाणंदीवर ओढ्याजवळ चार शेजाऱ्यांनी वर्गणी काढून सिमेंटचे दोन पाईप टाकले आणि कडेने हातभर खोल चर काढला. मुरूम जुनाच होता. गेल्या ऑक्टोबरात तिथे ट्रॅक्टर रुतला नाही.