मेन्यूवरचा कॅलरीचा आकडा नेमका कोण वाचतं?

न्यूयॉर्क शहरात २००८ साली एक नियम लागू झाला. देशभरात पंधरा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांनी मेन्यूवर किमतीच्या जोडीला कॅलरीचा आकडाही छापायचा. अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिलाच नियम. घरी कढईत तेल किती पडलं ते दिसतं, बाहेर दिसत नाही. आणि बाहेरच्या पदार्थातल्या कॅलरींचा आपला अंदाज सहसा कमीच निघतो. खरा आकडा समोर आला की माणूस हात आखडता घेईल, अशी अपेक्षा होती.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ती लगेच तपासली. शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या फास्ट फूड दुकानांबाहेर त्यांनी ग्राहकांच्या पावत्या गोळा केल्या आणि जिथे हा नियम नव्हता त्या जवळच्या न्यूअर्कमधल्या पावत्यांशी ताडून पाहिल्या. आकडा दिसल्याचं निम्म्याच्या आसपास ग्राहकांनी सांगितलं. त्यांपैकी सुमारे २८ टक्के म्हणाले, त्यामुळे आमची निवड बदलली. पावत्यांची बेरीज केली तेव्हा मात्र विकत घेतलेल्या कॅलरींत फरक दिसला नाही.

म्हणून लोक खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. खिशात मोजके डॉलर, जेवणाची सुट्टी थोडी, पोटात भूक. अशा वेळी डोळा आधी किमतीकडे जातो आणि पोट भरेल असाच पदार्थ निवडला जातो. ज्याच्याकडे निवडीला वावच कमी आहे, त्याच्यापुढे माहिती ठेवून फारसं काही बदलत नाही.

वाव असलेल्या ग्राहकाचं चित्र थोडं वेगळं आहे. स्टारबक्सच्या दहा कोटींहून अधिक व्यवहारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम आल्यावर न्यूयॉर्कमध्ये दर व्यवहारामागच्या कॅलरी सरासरी २४७ वरून २३२ वर आल्या, म्हणजे सहा टक्के घट. ही घट जवळजवळ सगळी केक, मफिनसारख्या खाण्यात झाली. पेयांच्या कॅलरी होत्या तिथेच राहिल्या. मला यात सवयीचा हात दिसतो. रोजची कॉफी ठरलेली असते, सोबतचं खाणं काउंटरसमोर उभं राहून ठरतं, आणि आकडा नेमक्या त्या क्षणी उपयोगी पडतो.

अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२५ चा आढावा सांगतो की अशा माहितीमुळे निवडलेल्या कॅलरी सरासरी १.८ टक्क्यांनी कमी होतात. ६०० कॅलरींच्या जेवणात ही बचत ११ कॅलरींची, म्हणजे दीड बदाम. एकट्या माणसासाठी हे नगण्य आहे. लाखो लोकांच्या रोजच्या जेवणात मिळून त्याला काही वजन येतं, पण एवढ्याने लठ्ठपणा आटोक्यात येईल असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आकडा कसा मांडला आहे, यानेही फरक पडतो. येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही जणांना नुसता आकडा दिला. काहींना त्यासोबत ‘प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात’ हे वाक्यही. नुसता आकडा पाहिलेले लोक जेवताना कमी जेवले खरे, पण नंतर इतर काही खाऊन त्यांनी ती तूट भरून काढली. वाक्यही वाचलेल्यांचं त्या संध्याकाळचं एकूण खाणं इतरांपेक्षा सरासरी २५० कॅलरींनी कमी भरलं. ८०० म्हणजे थोडे की फार, हे मोजायला माप हवं. ते या वाक्यानं दिलं. आणखी एका संशोधनात आकडा पदार्थाच्या नावाच्या डावीकडे, म्हणजे आधी वाचला जाईल असा छापला, तेव्हा लोकांनी कमी कॅलरीचे पदार्थ मागवले. उजवीकडून डावीकडे वाचल्या जाणाऱ्या हिब्रूत हाच परिणाम उजवीकडच्या आकड्याने साधला. नाव वाचून जिभेला पाणी सुटल्यावर आकड्याला उशीर झालेला असतो.

आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो परिणाम स्वयंपाकघरातला. अमेरिकेत २०१८ पासून वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना हा नियम देशभर लागू आहे. त्यानंतर जुन्या पदार्थांच्या कॅलरी बदलल्या नाहीत, पण मेन्यूवर नव्याने आलेल्या पदार्थांत नियमाआधी नव्याने आलेल्या पदार्थांपेक्षा सुमारे ११३ कॅलरी कमी आढळल्या. ग्राहकाने आकडा वाचो न वाचो, पाककृती ठरवणाऱ्याला तो छापावा लागतो, आणि त्याचा फायदा मेन्यू न वाचणाऱ्यालाही मिळतो.

काहींना मात्र या आकड्याचा त्रास होतो. इंग्लंडमध्ये २०२२ साली असा नियम आला तेव्हा खाण्याशी संबंधित मानसिक आजारांवर काम करणाऱ्या बीट या संस्थेने विरोध केला. सतत कॅलरी मोजणं हेच ज्यांच्या आजाराचं रूप आहे, त्यांच्यासाठी हॉटेलात जेवणं आणखी कठीण होतं. तिथल्या नियमात मागणी केल्यास आकड्याविना मेन्यू देण्याची मुभा आहे. ती योग्यच आहे.

भारतात केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यव्यवसायांना २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या पिझ्झाच्या साखळीत आकडा दिसेल. कोपऱ्यावरच्या एकट्या वडापावच्या गाडीवर दिसणार नाही. शिवाय आकडा ठरतो तो ठरावीक मापाच्या एका पदार्थाचा. हवी तेवढी भाजी, आमटी, पोळी वाढली जाते त्या थाळीत एका वाढपाचं मापच नाही, त्यामुळे तिथे कोणता आकडा छापायचा याचं उत्तर न्यूयॉर्कच्या अनुभवातून मिळत नाही.