शासनाचे दायित्व आणि सार्वभौम संरक्षण (इंदूर)

सरकारी नोकराच्या हलगर्जीने झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारकडून मागता येते का, हे संविधानाच्या अनुच्छेद 300 वरून ठरते. पण तो अनुच्छेद मागे बोट दाखवतो: संविधान आले नसते तर तत्सम प्रांतावर वा संस्थानावर जसा दावा चालला असता, तसाच आजच्या राज्यावर चालतो. इंदूरपुरती ही साखळी होळकर संस्थान, 1948 चा मध्य भारत आणि 1 नोव्हेंबर 1956 पासूनचे मध्य प्रदेश अशी आहे. खुद्द माजी संस्थानिकावर संविधानापूर्वीच्या कारणासाठी दावा लावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 87-ख नुसार केंद्राची संमती लागते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकमेकांशी नीट जुळत नाहीत. उदयपूरमध्ये कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना पादचारी मेला. विद्यावती खटल्यात (1962) राज्य जबाबदार ठरले. मेरठ पोलिसांनी जप्त केलेले सोने हेड कॉन्स्टेबलने लांबवले. कस्तुरीलाल खटल्यात (1965) मात्र जप्ती हे सार्वभौम काम (फक्त राज्यसत्तेलाच करता येणारे काम), म्हणून राज्य सुटले. हा दुसरा निकाल आता बराच निस्तेज झाला आहे. कोठडीतील मृत्यूसारख्या मूलभूत हक्कांच्या भंगात हा बचाव चालत नाही, असे नीलावती बेहेरा निकालाने (1993) ठरवले. तिथे दीड लाख रुपये मंजूर झाले. अशा भरपाईसाठी रिट याचिका (हक्कभंगाविरुद्ध थेट करायचा अर्ज) उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातही दाखल करता येते.

व्यवहारात दावे सार्वभौमत्वापेक्षा नोटिशीवर आणि मुदतीवर जास्त अडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस (सरकारला आगाऊ द्यायची सूचना) दाव्याआधी पूर्ण दोन महिने पोचलेली हवी. राज्याविरुद्ध ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. इंदूर स्टेशनच्या बाबतीत स्टेशनमास्तरला देऊन भागत नाही, ती पश्चिम रेल्वेच्या महाव्यवस्थापकांच्या नावे मुंबईला जाते. वादीचे नाव, वर्णन, पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणी, सगळे त्यात हवे. नोटीस दिल्याचा उल्लेख दाव्यातही हवा. तातडी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा लावता येतो, पण सरकारचे ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश मिळत नाही. तातडी पटली नाही तर दावा परत मिळतो. प्रतिवादी ‘मध्य प्रदेश राज्य’ असते, खाते नव्हे. महापालिका वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, म्हणून तिच्या उघड्या चेंबरसाठी राज्याला दिलेली नोटीस वाया जाते.

सर्वात महाग पडणारी चूक मुदतीची. कायद्यानुसार केली असे म्हटल्या जाणाऱ्या कृतीबद्दल भरपाई हवी असेल, तर मुदत एकच वर्षाची आहे (मुदत अधिनियम 1963, अनुच्छेद 72). तीन वर्षे समजून बसणाऱ्यांचा दावा तिथेच संपतो. नोटिशीचा काळ तेवढा वगळून मिळतो. सरकारी वाहनाच्या अपघाताचा अर्ज मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे कलम 80 आड येत नाही.

हुकूमनामा (पैसे देण्याचा न्यायालयाचा निर्णय) झाला तरी लगेच जप्ती मागता येत नाही. सरकारने तीन महिने पैसे भरले नाहीत, तरच अंमलबजावणी सुरू होते.