जॉली बॉयला जायच्या आधी: वांडूरच्या सागरी उद्यानाची पार्श्वभूमी

अंदमानला जाणारी आपली मराठी मंडळी आधी सेल्युलर जेल बघतात, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, आणि मग टूरवाला विचारतो की जॉली बॉय करायचं का, म्हणजे वांडूरच्या सागरी उद्यानातलं कोरल बघायचं बेट. करायचं असेल तर परमिट आधी काढावं लागतं, ओळखपत्र लागतं, सोमवारी बंद, प्लास्टिकची पिशवी चालत नाही, पाण्याच्या बाटलीवर डिपॉझिट भरायचं आणि बाटली परत आणून दाखवली की ते परत मिळतं, आणि पावसाळ्यात गेलात तर जॉली बॉय नाहीच, तेव्हा रेड स्किन नावाचं दुसरं बेट. बरेच जण इथेच वैतागतात आणि हॅवलॉक बेटाची बोट पकडतात. पण हे नियम कुठून आले हे कळलं तर लक्षात येतं की जेल आणि जॉली बॉय ह्या दोन वेगवेगळ्या साइट नाहीतच, एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत, म्हणून जरा मुळापासून लिहितोय.

महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क हे वांडूरच्या सागरी उद्यानाचं पूर्ण नाव. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे 2024 पासून ज्याला श्री विजय पुरम म्हणतात तिथून, साधारण 29 किलोमीटरवर वांडूर गाव आहे, तिथल्या जेटीवरून बोटी सुटतात. पार्कचं क्षेत्रफळ 281.5 चौरस किलोमीटर, त्यात लहानमोठी 15 बेटं आणि मधली खाडी, मॅनग्रोव्ह, कोरल सगळं. तारमुगली, हॉबडे, अलेक्झांड्रा, ग्रब, स्नॉब, ट्विन्स अशी नावं आहेत, ब्रिटिश नकाशावाल्यांनी ठेवलेली बरीचशी, आणि ह्या बेटांच्या झुंडीला ते लॅबिरिंथ आयलंड्स म्हणायचे, बोटीतून जाताना बेटांमधून वळत वळत जावं लागतं तेव्हा नाव पटतं.

आता मागे जाऊ. आर्चिबाल्ड ब्लेअर ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1788-89 मध्ये इथे सर्व्हे केला आणि चॅथम बेटावर पहिली वसाहत टाकली, ती काही वर्षांत आजारपणामुळे सोडून द्यावी लागली. मग 1857 चा उठाव झाला आणि 10 मार्च 1858 ला डॉ. वॉकर 200 कैद्यांना घेऊन इथे उतरला, तिथून काळ्या पाण्याची सुरुवात. सेल्युलर जेल खूप नंतरचं, बांधकाम 1896 ते 1906. त्याच्या आधीची जवळपास चाळीस वर्षं बहुतेक कैदी कोठडीत नव्हते, उघड्यावर होते, त्यांच्याकडून जंगल तोडून घेतलं जायचं, दलदल बुजवून घेतली जायची. हा भाग जेलच्या शोमध्ये फार येत नाही. 1883 मध्ये अंदमानात वनखातं सुरू झालं आणि त्याच वर्षी चॅथमची सॉ मिल, आणि तेव्हा वनखात्याचं काम म्हणजे पडाकसारखं भारी लाकूड काढून बाहेर पाठवणं. सावरकर 1911 मध्ये आले, 1921 पर्यंत होते, त्यांनी कोलू ओढला हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याच काळात जेलच्या बाहेर दुसरे कैदी लाकूडतोडीवर होते आणि साउथ अंदमानचे डोंगर उघडे पडत होते.

ह्याचा कोरलशी काय संबंध असं वाटेल. संबंध मातीचा आहे. इथे पाऊस सहा-सात महिने पडतो आणि उतारावरचं जंगल गेलं की माती थेट समुद्रात जाते. कोरल म्हणजे छोटे छोटे प्राणी, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याला ऊन लागतं आणि त्याच्यावरच कोरलचं बहुतेक पोट चालतं, पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही आणि वर गाळ बसला की जीवच गुदमरतो. फांद्यांसारखं वाढणारं कोरल वर्षाला काही सेंटीमीटर वाढतं, गोल दगडासारखं दिसणारं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर, त्यामुळे एक मोठा गोळा तुम्ही ग्लास बॉटम बोटीतून बघता तो कित्येकदा सेल्युलर जेलपेक्षा जुना असतो. मला विचाराल तर गाइडने सगळ्यात आधी हे सांगायला हवं, कारण मग त्याच्यावर पाय ठेवून उभं राहायची इच्छाच होणार नाही.

पार्कच्या दक्षिणेला रटलंड नावाचं मोठं बेट आहे. तिथे जांगिल नावाचे लोक राहायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ते कोणाला दिसलेच नाहीत, 1920 च्या दशकात शोध घेतला तेव्हा खूणही सापडली नाही, पूर्ण समाज संपला, बाहेरून आलेले आजार हे मोठं कारण मानलं जातं. वांडूरच्या पश्चिमेला जेमतेम 36 किलोमीटरवर नॉर्थ सेंटिनेल आहे, तिथले लोक अजून आहेत, त्यांनी बाहेरच्यांना बहुतेक वेळा हुसकावूनच लावलं, आणि आता सरकारही कोणाला उतरू देत नाही. आपण ज्याला निर्जन बेटं म्हणून फोटो काढतो ती सगळी कायम निर्जन नव्हती, हे मनात ठेवूनच तिकडे जावं असं मला फार वाटतं.

जंगलातून लाकूड काढायचे तसे समुद्रातून शंख. 1930 च्या सुमाराला जपानी बोटी अंदमानच्या पाण्यात यायच्या, ट्रोकस आणि टर्बो ह्या दोन मोठ्या शंखांसाठी. प्लास्टिकची बटणं यायच्या आधी शर्टाची चांगली बटणं ह्यांच्या आतल्या मोतिया थरातून कापायचे. स्वातंत्र्यानंतरही शंख काढणं चालूच राहिलं, त्यांचे शोपीस, दिवे, दागिने बनायला लागले. शिवाय 1949 पासून पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना साउथ अंदमानात जमिनी दिल्या, त्यासाठी आणखी जंगल साफ झालं. त्या माणसांना दोष द्यायचं कारण नाही, घरदार सोडून आलेली माणसं होती ती, जिथे सरकारने बसवलं तिथे बसली. पण किनाऱ्यावर लोकसंख्या वाढली, घरं बांधायला किनाऱ्याचीच वाळू उचलली जायला लागली आणि कासवांच्या अंडी घालायच्या जागा त्यात गेल्या.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तोपर्यंत आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की वाघ, हत्ती, गेंडा, समुद्राचा कोणी विचार करत नव्हतं. कच्छच्या आखातात 1982 मध्ये मरीन नॅशनल पार्क झालं आणि लगेच 24 मे 1983 ला वांडूरचं. म्हणजे ज्या खात्याने 1883 मध्ये लाकूड काढायला सुरुवात केली त्याच खात्याच्या शंभराव्या वर्षी त्याच्याच हातात हे पार्क राखायचं काम आलं. मासेमारी बंद, शंख काढणं बंद, रात्री मुक्काम बंद. पंधरापैकी पर्यटकांसाठी फक्त दोन बेटं, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आलटून पालटून. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, बाकी वेळ रेड स्किन, कारण पावसाळी वाऱ्यात जॉली बॉयला उघडा समुद्र लागतो आणि रेड स्किन जवळ आणि आडोशाला आहे, आणि तेवढे महिने एका बेटाच्या कोरलला माणसांपासून सुट्टीही मिळते. बाकीच्या बेटांवर का सोडत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती बंद आहेत म्हणूनच ह्याला नॅशनल पार्क म्हणायचं, दोन बेटं आपल्याला दाखवायला ठेवलीत एवढंच.

मालवणची तुलना इथे आठवतेच. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी, आणि मच्छीमारांनी विरोध केला कारण पिढ्यानपिढ्या जाळी टाकायची जागा तीच. तिथे नंतर स्नॉर्कलिंग आणि स्कूबा जोरात वाढलं. वांडूरला बेटांवर गावं नव्हती आणि बोटींवर वनखात्याचा ताबा होता, म्हणून नियम लावणं सोपं गेलं, मालवणला ते तसंच्या तसं उचलून लावता येणार नाही.

कायद्याचा दुसरा टप्पा 2001 चा. केंद्राने सगळे कठीण कोरल, काळं कोरल, सी फॅन, समुद्री काकड्या हे सगळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत टाकलं, जिथे वाघ आहे. त्यामुळे किनाऱ्यावर मेलेला कोरलचा पांढरा तुकडा पडलाय आणि आठवण म्हणून बॅगेत टाकला तरी तो गुन्हा होतो, एअरपोर्टवर बॅगा तपासतात ते ह्यासाठी. आणि तुकडा मेलेला असला तरी तो वाया गेलेला नसतो, त्याचीच पुढे वाळू होते, तीच वाळू आपल्याला आवडते.

तिसरा टप्पा कोर्टाचा आणि ह्यात आपल्याकडच्या दोन संस्था आहेत हे फार कमी लोकांना माहितीये. मुंबईची बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पुण्याची कल्पवृक्ष ही पर्यावरण संस्था आणि पोर्ट ब्लेअरची सॅने म्हणजे सोसायटी फॉर अंदमान अँड निकोबार इकॉलॉजी, जी समीर आचार्य यांनी उभी केली, ह्या तिघांनी मिळून अंदमानातल्या लाकूडतोडीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. सुप्रीम कोर्टाने शेखर सिंग यांचा आयोग नेमला, त्यांचा रिपोर्ट 2002 च्या फेब्रुवारीत आला आणि 7 मे 2002 ला कोर्टाने आदिवासी राखीव क्षेत्रातली आणि नॅशनल पार्क-अभयारण्यातली तोड थांबवली, किनाऱ्यावरची वाळू काढणं टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. एक लक्षात घ्या, समुद्रातलं पार्क 1983 पासून होतं पण डोंगरावरची माती पाण्यात येणं थांबवायचं तर जमिनीवरचा निकाल लागायला लागला, आणि त्यासाठी आणखी 19 वर्षं गेली.

नंतर अडीच वर्षांत 26 डिसेंबर 2004. भूकंप 9.1 चा, पाठोपाठ त्सुनामी. अंदमानची जमीन तेव्हा तिरकी झाली, उत्तरेकडचे किनारे वर आले आणि तिथलं कोरल पाण्याबाहेर उघडं पडून मेलं, तर साउथ अंदमान साधारण मीटरभर खाली गेलं. वांडूरला जाताना रस्त्यात सिप्पीघाट लागतं, तिथली भातशेती तेव्हा खाऱ्या पाण्याखाली गेली, ड्रायव्हरला विचारा, तो हात दाखवून सांगेल की इथे शेतं होती. वांडूरच्या बीचवर मोठमोठी वठलेली झाडं दिसतात, लोक त्यावर बसून फोटो काढतात, ती जमीन खचून मुळाशी खारं पाणी आल्यामुळे मेलेली झाडं आहेत. त्याच बीचवर मगरींचे बोर्ड पण आहेत, खाऱ्या पाण्यातली मगर मॅनग्रोव्हमध्ये राहते आणि समुद्रातही पोहते, ते बोर्ड मनावर घ्या, दाखवलेल्या जागेच्या बाहेर पाण्यात उतरू नका.

कोरलला ह्याच्याही पेक्षा जास्त फटका गरमीचा बसला. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्री वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की कोरल अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, लवकर गार झालं तर सावरतं, नाहीतर मरतं. अंदमानात 1998 ला हे झालं, 2010 च्या उन्हाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 ला पुन्हा. म्हणून कोणी म्हणतं की आम्ही वीस वर्षांपूर्वी पाहिलं तेव्हा रंगच रंग होते, आता तसं नाही, तर ते म्हणणं खरंय, बोटवाला फसवत नाहीये. गरम पाण्याला पार्कची हद्द अडवू शकत नाही, पण ज्या कोरलवर गाळ, नांगर, जाळी, पायांचा भार नाही त्याला सावरायला निदान जागा राहते, आणि डिपॉझिटपासून ठरलेल्या बोटींपर्यंतचे सगळे नियम तेवढ्यासाठीच आहेत.

हे संरक्षण कायमचं असतं का? ग्रेट निकोबारमधल्या गॅलथिया बे ह्या तेव्हाच्या अभयारण्यात लेदरबॅक कासवं अंडी घालतात, आणि जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय वन्यजीव बोर्डाने बंदरासाठी त्याचा अभयारण्याचा दर्जा काढायला मंजुरी दिली, हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं आणि अजून वाटतं. वांडूर नॅशनल पार्क आहे, त्याची हद्द बदलायची तरी कायद्याने त्याच बोर्डाची शिफारस लागते.