ग्लायडर उड्डाणातील पूरक ऑक्सिजन

ग्लायडरचे कॉकपिट सहसा दाबयुक्त नसते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही कमी मिळतो. ऑक्सिजनची ही तूट सिलिंडरमधून भरून काढतात. हडपसरला विंचने (दोराने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्राने) घेतलेल्या छोट्या उड्डाणांत त्याची गरज पडत नाही. पर्वतलहरींत, म्हणजे डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या हवेच्या उंच लाटांत, मात्र तो अपरिहार्य ठरतो. या लहरींचा सोअरिंगसाठी (वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने उडत राहण्यासाठी) वापर सामान्यतः १९३३ च्या सुमाराचा, जर्मन ग्लायडर वैमानिक वोल्फ हिर्ट यांच्या उड्डाणांपासूनचा मानतात.

ऑक्सिजन केव्हा सुरू करावा याविषयी एकमत नाही. अमेरिकी नियमानुसार १२,५०० फुटांच्या वर ३० मिनिटांहून अधिक काळ आणि १४,००० फुटांच्या वर पूर्ण वेळ तो वैमानिकाला बंधनकारक आहे. १०,००० फुटांपासूनच घ्यावा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण ऑक्सिजन कमी पडला की आधी निर्णयशक्ती मंदावते आणि वैमानिकाला मात्र आपण ठीक आहोत असेच वाटत राहते.

अखंड प्रवाहाच्या संचात साध्या नासिकानळीसाठी दर १०,००० फुटांना मिनिटाला १ लिटर हा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे १८,००० फुटांवर ३४० लिटरचा सिलिंडर जेमतेम तीन तास पुरतो. त्यातला बराच वायू उच्छ्वासाच्या वेळी वाया जातो. पल्स-डिमांड यंत्र नाकपुडीतील किंचित ओढ ओळखून श्वासाच्या आरंभीच एक झोत सोडते. तोच भाग फुप्फुसांच्या वायुकोशांत पोचतो, श्वासाचा शेवटचा भाग श्वासनलिकेतच राहतो. त्यामुळे सिलिंडर कितीतरी अधिक काळ टिकतो. पण वैमानिक तोंडाने श्वास घेऊ लागला, किंवा पट्ट्याखाली नळी दुमडली, की झोत येत नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते. म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.

नासिकानळीची मर्यादा १८,००० फूट, त्यावर मास्क. दाढीमुळे मास्कच्या कडेने गळती होते आणि उच्छ्वासातील बाष्प झडपेत गोठते. सुमारे ३४,००० फुटांपर्यंत शुद्ध ऑक्सिजन समुद्रसपाटीची बरोबरी करतो. ४०,००० फुटांपुढे तो दाबाने द्यावा लागतो. अमेरिकी वैमानिक पॉल बिकल १९६१ मध्ये दाबरहित ग्लायडरमधून ४६,२६७ फुटांवर गेले. एवढ्या उंचीवर पुरवठा तुटल्यास भान काही सेकंदच टिकते, म्हणून लहान आपत्कालीन बाटली अंगावरच बाळगतात.

सिलिंडरची झडप सावकाश उघडावी. जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नये, पेट घेण्याचा धोका असतो. सिलिंडर पूर्ण रिकामा केल्यास आत दमट हवा शिरते आणि तीच ओल पुढे रेग्युलेटरमध्ये गोठते.