मिसिंग मॅन फॉर्मेशन

मिसिंग मॅन फॉर्मेशन म्हणजे दिवंगत वैमानिकाला लढाऊ विमानांनी आकाशातून दिलेली मानवंदना. विमाने ठरलेल्या रचनेत येतात आणि त्यातली एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. किंवा रचना पूर्ण येते आणि मानवंदनेच्या ठिकाणी एक विमान तिच्यातून सुटून वर निघून जाते. वर्तमानपत्रांत याला सरसकट ‘हवाई सलामी’ म्हणतात. पण हवाई सलामी संचलनालाही असते, पाहुण्यांनाही असते. ही मात्र फक्त गेलेल्या सहकाऱ्याची.

नेहमीची रचना चार विमानांची. पुढे लीडर, त्याच्या एका बाजूला थोडे मागे नंबर दोन, दुसऱ्या बाजूला नंबर तीन आणि तीनच्या पलीकडे नंबर चार. उजव्या हाताची चार बोटे जुळवून वरून पाहिली की विमानांची मांडणी लगेच कळते. मधले बोट लीडर, तर्जनी नंबर दोन, अनामिका नंबर तीन, करंगळी नंबर चार. या रचनेतून बाहेर पडतो तो सहसा नंबर तीन. हुतात्मा अधिकारी तुकडीचा प्रमुख असला, तरी लीडरची जागा सहसा रिकामी ठेवत नाहीत. बाकीचे सगळे आपली जागा लीडरकडे बघून धरतात. तोच नसेल तर रचना उरत नाही. म्हणून प्रमुख गेला की त्याच्या जागी दुसरा प्रमुख उडतो, आणि रिकामी जागा त्याच्या शेजारी दिसते. या मानवंदनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

सर्वांत अवघड काम नंबर चारचे. एरवी तो शेजारच्या नंबर तीनचा पंख आणि धड डोळ्यांसमोर ठेवून जागा धरतो. तीन निघून गेला की जवळचा आधार जातो आणि दुप्पट अंतरावरच्या लीडरकडे बघून त्याच रेषेत राहावे लागते. वर्षानुवर्षांची सवय त्याला रिकाम्या जागेकडे ओढते. चार नकळत आत सरकला, की खालच्या माणसाला फक्त तीन विमाने दिसतात, पोकळी दिसत नाही. त्यामुळे सरावात वर जाण्याच्या क्रियेपेक्षा ती झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटावर जास्त मेहनत घ्यावी लागते. वर जाणाऱ्यासाठी नियम एकच: आधी सरळ वर, वळण नंतर. खालची विमाने त्याला दिसेनाशी होतात, म्हणून उंचीचे पुरेसे अंतर पडेपर्यंत डावी-उजवीकडे झुकायचे नाही.

दुसरी चूक वेळेची. ३०० नॉट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १५४ मीटर. जमिनीवरचा कार्यक्रम दहा सेकंद रेंगाळला, तर विमाने दीड किलोमीटर पुढे गेलेली असतात. म्हणून विमाने दूर एका बिंदूवर घिरट्या घालत थांबवतात आणि कार्यक्रमाच्या जागी वायरलेस सेट घेतलेला अधिकारी त्यांना वेळ देतो. नंबर तीनने वर उठायचे ते लोकांच्या डोक्यावर आल्यावर नव्हे, थोडे अलीकडे. नाहीतर सगळा क्षण लोकांच्या पाठीमागे घडतो. बिगुलाच्या सुरावर इंजिनाचा आवाज चढू नये हेही पाहावे लागते.

प्रथेची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली असे सांगतात, पण ती ऐकीव गोष्ट आहे. अमेरिकेतले ठळक उदाहरण १९३८ चे. तिथल्या आर्मी एअर कोअरचे प्रमुख मेजर जनरल ऑस्कर वेस्टओव्हर २१ सप्टेंबर १९३८ रोजी विमान अपघातात गेले. त्यांच्या अंत्यविधीला पन्नासहून अधिक विमानांनी एक जागा रिकामी ठेवून उड्डाण केले.

भारतातले लक्षात राहिलेले उदाहरण स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या स्मरणाचे. आहुजा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले, १४ जून १९८५ रोजी वायुदलात दाखल झालेले आणि कारगिल युद्धाच्या वेळी १७ स्क्वाड्रनचे, म्हणजे ‘गोल्डन ॲरोज’ या लढाऊ विमानांच्या तुकडीचे, फ्लाइट कमांडर. २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांनी हवाई छत्रीने उडी घेतली. आहुजांना माघारी फिरता आले असते. ते मात्र आपला माणूस नेमका कुठे उतरला हे हेरण्यासाठी त्याच भागावर थांबले. तिथे त्यांच्या मिग-२१ ला क्षेपणास्त्र लागले आणि त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. त्या वेळी स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते बी. एस. धनोआ. बरोबर वीस वर्षांनी, २७ मे २०१९ रोजी, वायुदलप्रमुख झालेल्या धनोआंनी पंजाबमधल्या भिसियाना तळावर मिग-२१ विमानांच्या मिसिंग मॅन फॉर्मेशनचे नेतृत्व स्वतः केले. वायुदलप्रमुखाने आपल्या जुन्या फ्लाइट कमांडरसाठी कॉकपिटमध्ये बसावे, यापेक्षा मोठा सन्मान लष्करी वैमानिकाला क्वचितच मिळतो.

पुण्यात अशी मानवंदना आखायची, तर लोहगाव आणि खडकवासला ही दोन टोके समोर येतात. लोहगावचा वायुदल तळ १९३९ चा. सुखोई-३० एमकेआय विमाने वायुदलात रुजू झाली ती इथेच, २७ सप्टेंबर २००२ रोजी. धावपट्टी नागरी विमानांनाही वापरायला असल्याने वेळ आधी बांधून घ्यावी लागते. तिथून प्रबोधिनी हवाई अंतराने सुमारे २४ किलोमीटर, म्हणजे ३०० नॉटने अडीच मिनिटांहून थोडे जास्त. समोरून २० नॉटचा वारा असेल, तर एवढ्याशा अंतरात ११ सेकंद उशीर होतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा हमखास असतो, तेव्हा हा हिशेब सोडून चालत नाही. प्रबोधिनीच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर सिंहगड, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच. प्रबोधिनीचे मैदान ओलांडल्यावर दक्षिणेकडे जाणाऱ्या विमानांना वळायला पाऊण मिनिटही मिळत नाही. आषाढ-श्रावणात गडाचा माथा ढगात असतो. ढग खाली असतील, तर वर जाणारे विमान लगेच दिसेनासे होते आणि धोका वाढतो; अशा दिवशी सुरुवातीपासूनच एक जागा रिकामी ठेवून सरळ जाणे शहाणपणाचे.

जमिनीवरचा भागही तितकाच काटेकोर. प्रबोधिनीत कॅडेटांनी श्रमदानाने बांधलेले ‘हट ऑफ रिमेम्ब्रन्स’ आहे. तिथे प्रबोधिनीच्या हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहतात. शहराची जागा म्हणजे घोरपडीजवळचे लष्कराच्या दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक, १९९८ मध्ये लोकवर्गणीच्या मोठ्या आधाराने उभे राहिलेले. क्रम साधारण असा: पुष्पचक्र, ‘सलामी शस्त्र’, मग ‘शोक शस्त्र’ या आज्ञेवर बंदुकांची तोंडे खाली, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटे स्तब्धता, आणि शेवटी ‘राउज’ ही जागवण्याची धून. विमाने स्तब्धतेच्या अखेरीस आणली तर उत्तम.

अंत्यसंस्कार असेल तर ध्वजसंहितेकडे नीट लक्ष हवे, कारण गर्दीत चुका इथेच होतात. शवपेटीवर तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. ध्वज चितेवर जळू द्यायचा नाही, थडग्यातही सोडायचा नाही. आधी काढून, घडी करून कुटुंबाच्या हाती देतात. ध्वज अर्ध्यावर आणताना तो प्रथम टोकापर्यंत चढवून मग खाली घ्यायचा, आणि संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा टोकापर्यंत न्यायचा. हे दुसरे चढवणे हमखास विसरते.

विमाने डोक्यावरून गेल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. वर गेलेला नंबर तीन वेगळ्या वाटेने परततो आणि स्वतंत्र उतरतो. उरलेली तीन विमाने लोकांना दिसेनाशी होईपर्यंत चारने जागा सोडायची नाही. लीडरने रेडिओवर सांगितल्यानंतरच तो आत सरकतो.